परवाना मिळाला, शिक्षण राहिलं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर शेत आणि शाळा या दोनच गोष्टींविषयी बोलत राहिले. म्हणून मी विषयही असा घेतला आहे की ज्यात शेत आहे आणि शिकणं आहे. विषय बंदुकीचा आहे. पिकाच्या राखणीसाठी सरकारनं परवाना दिलेली बंदूक, ती हाताळायला कोण शिकवतं आणि त्या शिक्षणावर सरकारनं पैसा खर्च करावा की नाही, एवढ्याबद्दल मी बोलणार आहे. माझं उत्तर आधीच सांगून ठेवतो. खर्च करावा, आणि सुरुवात आपल्या महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतून करावी.

२०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. तिथे पांगापांग झाली. झाडीत हालचाल दिसली, डुक्कर समजून बार टाकला गेला आणि तो त्यांच्यातल्याच एकाला लागला. माणूस गेला. त्यानंतर जे घडलं ते त्याहून जिवाला लागणारं आहे. बरोबरच्यांनी कुणालाही न कळवता मृतदेह रानातच लपवला. पोलिसांपर्यंत गोष्ट पोचायला काही दिवस जावे लागले.

कोकणातल्या माणसाला ही बातमी नवी वाटत नाही. तालुक्याचं नाव बदलतं, बाकी मजकूर तोच असतो. शिकारच बेकायदा, म्हणून अपघातही लपवायचा. अपघात लपवला जातो म्हणून त्यातून कुणी काही शिकत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या एखाद्या रानात तेच होतं. आणि हाक्याला ज्याला उभं करतात तो बहुधा गावातला सर्वांत गरीब माणूस असतो. त्याच्या हातात बंदूक नसते, तो फक्त झुडपं बडवत पुढे सरकत असतो, आणि गोळीच्या वाटेत तोच येतो.

हे घडू नये म्हणून आपण काय करतो? अपघातानंतर गुन्हा नोंदवतो. तो नोंदवलाच पाहिजे. पण अपघाताच्या आधी करण्यासारखं बरंच काही आहे आणि ते आपण जवळजवळ काहीच करत नाही.

बंदूक या डोंगरात आली कशी, ते थोडं पाहू. पोलादपूरच्या कापडे, उमरठ, कुडपण या बाजूला जा, किंवा महाडच्या वरंध, विन्हेरे पट्ट्यात जा. एकेकाळी उतारांवर वरी-नाचणी होती, खाली भाताची खाचरं होती. तरणी माणसं मुंबईला, सुरतेला, पुण्याला गेली. वरकस जमीन पड राहिली, तिच्यावर करवंदीची, घाणेरीची जाळी माजली. रानडुकराला याहून चांगला आडोसा कुठला? गावात दहा घरांची शेती होती तेव्हा राखणही दहा घरं करत होती. आता दोन घरं शेती करतात आणि सगळ्या रानाची जनावरं त्या दोन घरांच्या खाचरांत उतरतात. भात लोंबीत आलं की डुकरांचा कळप एका रात्रीत खातो थोडं आणि तुडवतो फार. बांध उकरतो तो निराळाच. वाल-पावट्याच्या दिवसांत वानरं येतात. हे नुकसान खरं आहे. ते सोसून जो अजून शेती करतो आहे त्याच्याकडे कुणी शिकारी म्हणून बोट दाखवू नये, असं मी या व्यासपीठावरून स्पष्ट सांगतो.

सरकारलाही हे कधी नाकारता आलेलं नाही. इंग्रजी अमदानीत वाघ-बिबट्या मारणाऱ्याला बक्षिसं मिळत. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेच्या काळात पीकसंरक्षणासाठी बंदुका दिल्या गेल्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तर ठासणीच्या बंदुकीचा उल्लेखच आहे. खरोखरीच्या पीकसंरक्षणासाठी ती मागणाऱ्याला परवाना द्यावा, आणि ती पुरी पडणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येईल, असं तो कायदा म्हणतो. म्हणजे शेतकऱ्याच्या हातातली बंदूक ही कायद्यानं ओळखलेली गोष्ट आहे.

दुसऱ्या बाजूला वन्यजीव संरक्षण कायदा आहे, १९७२ चा. सुरुवातीला त्यातही शिकारीच्या काही परवान्यांना जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती गेली. हौसेची शिकार या देशात संपली आणि ती संपली हे चांगलंच झालं. त्या शिकारीनं काय केलं हे सह्याद्रीला ठाऊक आहे. उरली ती फक्त अपवादाची वाट. माणसाला किंवा उभ्या पिकाला धोका झालेलं ठराविक जनावर वन्यजीव खात्याच्या लेखी परवानगीनं मारता येतं. रानडुकराच्या बाबतीत ही परवानगी द्यायची पद्धत महाराष्ट्राच्या वनविभागानं २०१५ मध्ये ठरवून दिली. मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं असतं, त्याचं मटण वाटून घेता येत नाही. हा नियम कित्येकांना माहीतच नसतो, आणि तो मोडला की राखणीचा बार शिकारीचा गुन्हा होतो.

दोन कायदे, दोन खाती. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो, जनावराची परवानगी वनखात्याकडून. परवाना देणारा विचारत नाही की जनावर कुठलं, परवानगी देणारा विचारत नाही की बंदूक चालवता येते का. या दोन टेबलांच्या मधल्या जागेत आपला शेतकरी अंधाऱ्या रात्री एकटा उभा असतो.

खरं तर ही जागा भरून काढण्याची सोय झालेली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्यासाठी शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद केली आहे. हत्यार सुरक्षित हाताळणं आणि वाहून नेणं, नेम धरून बार टाकण्याचं तंत्र, निगा, घरातली साठवण हे सगळं त्यात येतं. नियम उत्तम आहे. पण कुडपणच्या माणसानं हे शिकायला जायचं कुठे? गावाजवळ शिकवणारी जागा नसेल तर प्रमाणपत्र ही फाइलीत लावायची आणखी एक चिठ्ठी होते. आणि ज्यांचा परवाना आजोबांच्या वेळचा आहे, वारशानं नावावर आला आहे, त्यांना बंदूक मिळाली तशी सवयही मिळाली, बरी आणि वाईट दोन्ही.

काय शिकवायचं, हे मी जरा तपशिलानं सांगतो, कारण प्रशिक्षण म्हटलं की लोकांना सतरंजी, चहा आणि भाषण आठवतं.

ठासणीची बंदूक घ्या. तिच्यात दारू भरायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, आणि गजानं ठासायचं. माणूस विसरला आणि दुसऱ्यांदा दारू भरली गेली तर नळी फुटते, बोटं जातात, डोळा जातो. यावर उपाय सोपा आहे. गजावर खूण करून ठेवायची. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो आणि एका बाराला कुठवर, हे खुणेवरून दिसतं. दारू पेटवणारी केप वर बसवायची ती शेवटच्या क्षणी, चालताना कधीही नाही. केप वाजली आणि बार उडाला नाही तर बंदूक तशीच समोर धरून थांबायचं, कारण आतली दारू काही क्षणांनीही पेट घेते. नळीत डोकावणारा माणूस त्याच क्षणी जातो. राखणीहून परतताना भरलेली बंदूक घरात न्यायची नाही, खुंटीला तर मुळीच टांगायची नाही. घरात मुलं असतात. हे प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी जिवाची किंमत देऊन शिकलेलं आहे.

मग रात्रीची गोष्ट. बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकतात. गाईचे चमकतात, कुत्र्याचे चमकतात, भेकराचेही चमकतात. डोळ्यांवर बार टाकायचा नाही, पूर्ण अंग दिसेपर्यंत चाप ओढायचा नाही. जनावराच्या मागे काय आहे ते आधी पाहायचं: माती आहे, की पलीकडच्या वाडीची वाट आहे? आपला मुलूख चढ-उताराचा. खालून वर, कड्याच्या कडेला उभ्या जनावरावर टाकलेला बार चुकला तर आभाळात जातो आणि कुठे उतरेल ते सांगता येत नाही. माळ्यावरून खाली टाकलेला बार जमिनीत जिरतो. म्हणून माळा कुठे बांधायचा हादेखील शिकवण्याचा विषय आहे. एका रानात दोन माणसं असतील तर कोण कुठे बसलं आहे हे दोघांना ठाऊक हवं आणि उजाडेपर्यंत कुणी जागा बदलायची नाही. अंगात भडक नारिंगी बंडी हवी. दारू पिऊन बंदुकीला हात लावायचा नाही.

आणि शेवटी रक्त. गोळी किंवा छर्रा लागला तर घट्ट दाबून रक्त थांबवणं, माणूस हलवणं, १०८ ला फोन करणं, आणि काहीही झालं तरी लपवायचं नाही. बोरशेतीच्या बातमीनं मला सर्वांत अधिक अस्वस्थ केलं ते याच जागी. हे शिक्षण मिळालेला, परवानगी घेऊन बसलेला माणूस मदतीसाठी ओरडायला भीत नाही.

एवढ्या शिक्षणाला किती वेळ लागेल? दोन दिवस वर्गात आणि रानात, एक दिवस चांदमारीवर. चांदमारीच्या जागेशिवाय मात्र हे शिक्षण पुरं होत नाही. पोहणं फळ्यावर शिकवता येत नाही, तसंच हे. आपला छर्रा वीस पावलांवर किती पसरतो आणि पन्नास पावलांवर त्यात किती जोर उरतो, हे कागदाच्या लक्ष्यावर एकदा पाहिलं की माणूस लांबून जनावर जखमी करायचं सोडतो. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी गवत कापणाऱ्या बाईवर जातं, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

आता पैशाकडे येतो. जगात या कामाला सरकारी पैसा कुठून येतो, याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचं आहे. तिथे १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. शिकारीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवरचा, आज ११ टक्के असलेला कर इतर तिजोरीत न मिसळता वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना द्यायचा, असं त्यानं ठरवलं. १९७० मध्ये पिस्तुलांवरचा १० टक्के कर त्याला जोडला आणि त्यातला ठराविक भाग शिकाऱ्यांच्या सुरक्षा शिक्षणासाठी आणि नेमबाजीच्या मैदानांसाठी खुला केला. राज्यानं चार आणे घालायचे, केंद्रानं बारा आणे, अशी वाटणी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक मैदानांसाठी केंद्राचा वाटा ९० टक्क्यांपर्यंत नेता येतो. न्यूयॉर्क राज्यानं तर १९४९ मध्येच सुरक्षा शिक्षणाचं बंधन घालायला सुरुवात केली होती. जर्मनीत लेखी, तोंडी आणि नेमबाजीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही.

अमेरिकेची सगळीच बंदूक-नीती मला मान्य नाही, तिथल्या शाळांमधले गोळीबार पाहून कुणाला मान्य होईल? शिवाय तिथे शिकार हा कायदेशीर छंद आहे, आपल्याकडे तो नाही आणि नसावा. घ्यायचं आहे ते एकच तत्त्व: हत्यारावर जमा होणारा पैसा हत्यार सुरक्षित करण्यासाठी राखून ठेवावा.

आणि राखीव कर महाराष्ट्राला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली तेव्हा तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदारानं भरलेल्या करातून गावातल्या माणसाला पाझर तलावावर काम मिळालं. ज्या राज्यानं एवढं मोठं काम त्या तत्त्वावर चालवलं, त्याला नव्या शस्त्रपरवान्याचं शुल्क आणि नूतनीकरणाचं शुल्क यांतून जिल्ह्यापुरता निधी बाजूला काढणं अवघड नाही. रक्कम अपुरी पडली तर जिल्हा नियोजन समिती आहे. जंगलाच्या कडेच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, तिच्यातून सौर कुंपणाला अनुदान मिळतंच. ज्या शेतकऱ्याला आपण कुंपणासाठी मदत करतो, त्यालाच बंदुकीच्या शिक्षणासाठीही मदत करावी. कुंपण आधी, बंदूक शेवटी, हा क्रमही त्याच वर्गात शिकवता येईल.

नेमबाजीच्या मैदानावर सरकार खर्च करत नाही असं मात्र नाही. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत मोठी शूटिंग रेंज आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या शेतकरी-शिक्षक कुटुंबातला स्वप्नील कुसाळे सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि १ ऑगस्ट २०२४ ला त्यानं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिचला विश्वविजेत्या झाल्या. या सगळ्याचा मला अभिमान आहे, आणि तो खर्च वाढावा असं माझं मत आहे. एक आठवण मात्र करून देतो. भारताची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते, ज्यांचं घराणं संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचं. कोकणच्या मातीतला माणूस. त्यांच्या नावानं आजही देशातली मोठी नेमबाजी स्पर्धा भरते. नागरिकानं शिस्तीनं बंदूक शिकावी ही कल्पना आपल्यासाठी परकी नव्हती. ती पदकांपर्यंत गेली आणि कोकणातल्या खाचरापर्यंत यायची राहिली.

इथे मोठं क्रीडासंकुल हवं असं मी म्हणत नाही. डोंगराच्या पायथ्याला, मागे मातीचा उंच भक्कम बांध असलेली, वस्तीपासून आणि गुरांच्या वाटांपासून दूर अशी एक जागा पुरे. लाल झेंडा, कुंपण, प्रथमोपचाराची पेटी, कुलूपबंद खोली. पोलीस आणि एनसीसी यांनाही सराव लागतोच, त्यांच्याशी वेळ वाटून घेता येईल. आणि शिकवणारे? महाड-पोलादपूरच्या गावोगाव निवृत्त सैनिक आहेत. त्यांनी उभं आयुष्य हत्याराच्या शिस्तीत काढलं आहे. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि त्यांनी आपल्या माणसांना जागं करण्याचं काम केलं. निवृत्त सैनिकानं गावाचं शिक्षण हाती घ्यावं याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. त्यांना मानधन द्या, वनरक्षक आणि पोलीस ठाण्यातला शस्त्रांचा जाणकार जोडीला द्या. वर्ग उभा राहतो.

एक सूचना तर पैशाशिवायही अमलात येईल. निवडणूक आली की परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. भात पिकून कापणी-झोडणी व्हायचे नेमके तेच दिवस. शेतकरी त्यामुळे चिडतो, आणि त्याची चीड रास्त आहे. कुठल्या बंदुका जमा करायच्या हे ठरवणाऱ्या छाननी समितीनं पीकसंरक्षणाच्या परवान्यांचा विचार वेगळा करावा. पण ज्या बंदुका ठाण्यात येतातच, त्या तिथे नुसत्या पडून का राहाव्यात? तेवढ्या दिवसांत जाणकारानं प्रत्येक नळी तपासावी, गंजलेली, चिरलेली बाजूला काढावी, आणि बंदूक परत देताना मालकाला एक दिवस बसवून शिकवावं.

यावर आक्षेप येतील. प्राणिमित्र म्हणतील, यानं शिकारीला उत्तेजन मिळेल. मी उलट म्हणतो. आज रानात काय चाललं आहे ते पाहा. फासक्या लावल्या जातात, त्यांत डुकराऐवजी बिबट्या अडकून तडफडतो. आमिषात गावठी बॉम्ब ठेवले जातात, त्यांनी गुरांची आणि कुत्र्यांची तोंडं फाटतात. तारांत वीज सोडतात आणि पहाटे पाणी बघायला गेलेला शेजारी तिला चिकटतो. हे सगळं लपून चालतं, कारण उघड वाट अवघड आहे. उघड वाट सोपी आणि शिस्तीची केली तर लपलेल्या वाटेनं जाणाऱ्याला सबब उरणार नाही. केरळनं २०२२ मध्ये शेतीचं नुकसान करणाऱ्या रानडुकरांबाबत आदेश देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे दिला आणि परवानाधारक नेमबाजांच्या याद्या केल्या. प्रत्येक तपशिलात ते अनुकरणीय आहे असं नाही, पण ‘कोण बार टाकणार’ हा प्रश्न त्यांनी निदान कागदावर तरी घेतला. आपण तो अंधारावर सोडला आहे.

दुसरा आक्षेप गावातूनच येईल: आम्हाला काय शिकवता, आमच्या बापजाद्यांनी बंदुका चालवल्या. चालवल्या, मान्य. पण त्या वेळी रानात कोण कुठे आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असे. आता मुंबईहून सुटीला आलेला पुतण्या रात्री बॅटरी घेऊन सोबत निघतो, त्याला रान ठाऊक नाही आणि रानाला तो.

मित्रांनो, पुढची ग्रामसभा होईल तेव्हा आपापल्या गावात एक ठराव मांडा. आमच्या गावात पीकसंरक्षणाचे इतके परवाने आहेत, त्या प्रत्येक परवानाधारकाला सरकारी खर्चानं सुरक्षा प्रशिक्षण मिळावं, महाड किंवा पोलादपूर तालुक्यात त्यासाठी चांदमारीची एक जागा मंजूर व्हावी, आणि प्रशिक्षक म्हणून स्थानिक निवृत्त सैनिकांना घ्यावं, एवढी तीन वाक्यं पुरेत. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक वनविभागाला, एक आपल्या आमदारांना पाठवा. आणि तो मंजूर होईपर्यंत थांबू नका. ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी आज घरी गेल्यावर ती भरलेली आहे का ते पाहावं, आणि असेल तर जाणत्या माणसाला बोलावून ती रिकामी करून घ्यावी.